सनईचा सूर आणि आपले उत्तरदायित्व

(आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संस्थेच्या चालकांनी मला 'आपली परंपरा' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर खेड्यापाड्यांतील मुलांकडून अक्षरे गिरवून घेऊन निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहे. परंपरा हा शब्द मोठा; तो माझ्या ओंजळीत मावणारा नाही. म्हणून त्या परंपरेतील एका हातभर लांबीच्या वस्तूविषयीच मी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे सनई.

आज सकाळी आपण या मंडपात प्रवेश केला तेव्हा सनईचे सूर कानी आले. मन प्रसन्न झाले. वाजविणाऱ्याला नमस्कार करावा म्हणून मी मंडपाच्या मागे गेलो, तो तेथे कोणीच नव्हते. एका पेटीतून ध्वनिमुद्रित सनई वाजत होती. ज्या गुरव समाजाने पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या ओवरीत बसून सनई फुंकली, त्याच्याच संमेलनात सनई वाजविणारा एकही मनुष्य नसावा, ही गोष्ट मला लागली. यात चालकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दोषाचा पहिला धनी मीच आहे; तो कसा, हे मी पुढे सांगणार आहे.

आपल्या शास्त्रकारांनी वाद्यांचे चार वर्ग केले आहेत : तंतूंची ती तत, चामड्याने मढविलेली ती अवनद्ध, टाळ-झांजांसारखी ती घन आणि फुंकून वाजवावयाची ती सुषिर. सनई ही सुषिर वर्गातील. तिचे नाव फारसी वळणाचे आहे. 'नै' म्हणजे वेळू, नळी. तथापि या जातीचे वाद्य आपल्याकडे नवे नव्हते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीत रत्नाकर' हा ग्रंथ रचिला. त्यात 'मधुकरी' नावाच्या सुषिर वाद्याचे वर्णन असून ते सनईच्या कुळातील असावे असे जाणकार मानतात. म्हणजे आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीवर सुमारे आठशे वर्षांपूर्वी या कुळातील वाद्याची शास्त्रोक्त नोंद झाली.

सनईची रचना वरवर साधी आहे. शिसवीसारख्या कठीण लाकडाची नळी, वर निमुळती आणि खाली रुंद होत गेलेली. तिच्या तळाशी फुलासारखा उमललेला धातूचा कर्णा. अंगावर ओळीने आठ-नऊ छिद्रे. त्यांतील सात बोटांच्या कामाची. उरलेल्यांत मेण भरून सूर हवा तसा जुळवून घेतात. वरच्या टोकाला गवताच्या पोकळ काडीपासून केलेली दुहेरी पत्ती. सनईचा सारा जीव त्या पत्तीत. ती ओठांत धरून ओली करावी लागते. कोरडी राहिली तर बोलत नाही, फार भिजली तर रुसते. म्हणून वाजविणारा दोन-चार पत्त्या दोऱ्याने सनईलाच बांधून ठेवतो.

पेटीला पट्ट्या असतात. बोट ठेवले की ठरलेला सूर निघतो. सनईत तशी सोय नाही. छिद्र अर्धे झाकून, पाव झाकून, पत्तीवरील ओठांचा दाब कमीअधिक करून सूर घडवावा लागतो. म्हणूनच पेटीला न साधणारी मींड सनईला साधते आणि ती माणसाच्या गळ्यासारखी वाटते. शिवाय दमसासाची विद्या निराळीच. गालांत साठविलेली हवा नळीत सोडीत असतानाच नाकाने श्वास घ्यावयाचा, म्हणजे सूर तुटत नाही. शेजारी एक साथीदार छिद्रांवर बोटे न चालविता अखंड एकच षड्ज धरून बसतो. त्याच्या वाद्याला 'सूर' असेच म्हणतात. खाली चौघडा किंवा संबळ. इतकी तपश्चर्या ज्या कलेला लागते, तिला आपण 'वाजंत्री' या एका शब्दात काढून टाकले!

गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी आपण एक. महादेवाची पूजा, बेलपत्री, पत्रावळी आणि देवळातील वाद्यसेवा ही आपली कामे. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतांतील जातींवरील ग्रंथातही गुरवांची नोंद महादेवाचे पुजारी आणि गावचे वादक अशी केलेली आढळते. परंतु सनई ही केवळ आपली, असा अभिमान मी बाळगणार नाही. वऱ्हाडात लग्नाच्या दारी सनई आणि डफडे वाजविण्याचे कष्ट मातंग बंधूंनी पिढ्यान्‌पिढ्या उपसले. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर राहणाऱ्या गोंड बांधवांच्या देवकार्यात परधान मंडळी 'पेपरे' नावाचे सनईच्याच जातीचे वाद्य वाजवीत आली आहेत. आणि काशीची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे गुरू, त्यांचे मामा अलीबक्ष, हे विश्वनाथाच्या मंदिरात सेवेला होते. मामाजवळ शिकून गंगाकाठच्या बालाजी मंदिरात रियाज केलेल्या या मुसलमान कलावंताने 15 ऑगस्ट 1947 च्या सुमारास दिल्लीत सनई वाजविली आणि स्वातंत्र्याचे स्वागत सनईने झाले. 2001 साली त्यांना भारतरत्न मिळाले. 2006 साली ते निवर्तले. सुराला जात नसते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

मग असे वाद्य आपल्या हातून का सुटले? याचे उत्तर आपण प्रामाणिकपणे दिले पाहिजे. सनई मंगल आणि सनई वाजविणारा मात्र मांडवाबाहेर, ही आपली रीत होती. अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली की सनईवाचून अडायचे. पंगत बसली की तोच मनुष्य शेवटच्या पंगतीची वाट पाहत उन्हात बसलेला असायचा. कोणी त्याच्यापुढे पैसे टाकी. हातात देत नसे. अशा अपमानाला कंटाळून ज्यांनी वाद्य खाली ठेविले, त्यांना मी दोष देणार नाही. 1956 नंतर या प्रदेशातील अनेक बांधवांनी गावकीची वाजविण्याची कामे स्वाभिमानाने सोडून दिली, ते योग्यच झाले. दोष वाद्य टाकणाऱ्याचा नव्हता. वाजविणाऱ्याला दाराबाहेर बसविणाऱ्याचा होता.

आता माझी गोष्ट. वणी तालुक्यातील आमच्या गावी माझे वडील महादेवाच्या देवळात पहाटे सनई वाजवीत. महाशिवरात्रीच्या रात्री, शेवटच्या प्रहरी, ते देवाला जागविण्याची एक धून वाजवीत. ती त्यांनी आजोबांकडून घेतली होती. तिचा राग कोणता हे त्यांना ठाऊक नव्हते. ती केव्हा वाजवावी आणि केव्हा वाजवू नये, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. वर्षातून एकदाच ती धून निघे आणि गावातील म्हातारी माणसे अंथरुणात उठून बसत.

मी शिकावयास बाहेर पडलो. शाळेतील मुले मला 'पिपाणीवाल्याचा पोर' म्हणून चिडवीत. मी लाजलो. सुट्टीत घरी आलो की वडील सनई पुढे करीत आणि मी अभ्यासाची सबब सांगे. त्यांनी कधी आग्रह केला नाही. मुलगा मास्तर होणार, याचा त्यांना आनंदच होता. पुढे मी मास्तर झालो. मुलांना प्रार्थना शिकविता यावी म्हणून पेटी शिकलो, सरगम लिहावयास शिकलो. परंतु वडिलांसमोर वही घेऊन बसावे आणि ती धून उतरवून घ्यावी, हे मला सुचले नाही. एका संध्याकाळचे काम होते. मी ते केले नाही.

वडील गेले. तेरवीच्या दिवशी गावातील एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, थे पाह्यटची धून आता कोन वाजवन?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. सनई माझ्या घरात आहे. लाकूड शाबूत आहे, कर्णा घासला तर आजही चकाकतो. पत्ती मात्र वाळून चिरली आहे. आणि ती धून या पृथ्वीवर कोठेही नाही.

बंधुभगिनींनो, आपण दरवर्षी संत काशीबा गुरव महाराजांचे स्मरण करतो. त्यांची थोरवी कशात आहे, याचा विचार करा. अरणचे संत सावता माळी मळ्यात काम करताना अभंग म्हणत आणि काशीबा ते लिहून घेत, असे परंपरा सांगते. सावता महाराज 1295 साली समाधिस्थ झाले. आज त्यांचे 37 अभंग आपल्याला उपलब्ध आहेत. ते कोणी लिहून घेतले नसते तर मळ्यातील वाऱ्याबरोबरच गेले असते. दुसऱ्याच्या मुखातील वाणी जपून ठेवणारा हा आपला पूर्वज. आणि मी त्याचा वंशज म्हणविणारा, माझ्या बापाचा सूरही जपू शकलो नाही. संगीताच्या क्षेत्रात हेच कार्य पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी केले. घराण्यांत दडलेल्या शेकडो चिजा त्यांनी उस्तादांकडून मिळवून स्वरलिपीत छापून ठेविल्या. देवळातील सनईच्या धुनींना मात्र असा भातखंडे मिळाला नाही. तो आपणच व्हावयाचे आहे.

सनईला प्रतिष्ठा मिळू शकते, याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या शंकरराव गायकवाड यांनी सनई मैफलीच्या बैठकीवर आणली. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून आखूड असे 'सुंदरी' नावाचे वाद्य नावारूपास आणले. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शिष्या बागेश्वरी कमर यांनी तर स्त्रियाही हे वाद्य समर्थपणे वाजवू शकतात हे दाखवून दिले. तेव्हा हे काम मुलांचेच, मुलींचे नव्हे, असे कोणी म्हणू नये.

माझ्या सूचना फार नाहीत. पहिली अशी की, ज्यांच्या घरी सनई वाजविणारे आजोबा, काका, मामा अद्याप हयात असतील, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. त्यावर धून ध्वनिमुद्रित करावी; आणि ती कोणत्या प्रसंगी वाजवितात, कोणाकडून घेतली, हे वहीत लिहावे. एक प्रत घरी, एक संस्थेकडे. दुसरी सूचना अशी की, आपल्या घरच्या लग्नात पेटीतील सनई न लावता जिवंत माणसाला बोलवावे, मग तो कोणत्याही समाजाचा असो. त्याला सतरंजीवर बसवावे, बिदागी ठरवून हातात द्यावी आणि पहिल्या पंगतीस पान मांडावे. तिसरी सूचना संस्थेला आहे. विद्यार्थ्यांना आपण शिष्यवृत्त्या देतो, त्यांत सनई शिकणाऱ्या एका मुलासाठी किंवा मुलीसाठी एक शिष्यवृत्ती ठेवावी.

माझ्या वडिलांची सनई मी आज बरोबर आणली आहे. ती मी अध्यक्ष महाराजांच्या स्वाधीन करीत आहे. जो मुलगा अथवा जी मुलगी ही शिष्यवृत्ती घेऊन शिकेल, तिच्या हाती ती द्यावी. नवी पत्ती मी माझ्या खर्चाने आणवीन. गेलेली धून परत येणार नाही, हे मला कळते. परंतु पुढच्या महाशिवरात्रीला आपल्या जिल्ह्यातील एखाद्या महादेवाच्या देवळात, शेवटच्या प्रहरी, आपल्यापैकी कोणी चार स्वर जरी फुंकले, तरी त्या वृद्ध गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर मला अंशतः देता येईल.