कुलूप घाला, पण वाट ठेवा



आपली जी मुले डिप्लोमा करून लहानसा इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा काढतात, त्यांचे खरे भांडवल मायक्रोकंट्रोलरमधील प्रोग्रॅम. त्याची नक्कल होऊ नये म्हणून एसटीएम३२ जातीच्या बहुतेक चिपांत वाचनबंदी असते. पहिली पायरी उठवली तर प्रोग्रॅम पुसला जातो. दुसरी सहसा उठतच नाही. मग पुढे चूक सापडली तर?

त्यासाठी कुलूप घालण्यापूर्वीच आत बूटलोडर ठेवावा. नव्या प्रोग्रॅमवरील डिजिटल सही पडताळूनच तो प्रोग्रॅम स्वीकारतो. सही करण्याची किल्ली यंत्रात कधीही ठेवू नये. प्रोग्रॅमही सांकेतिक रूपातच पाठवावा, नाहीतर वाटेतच वाचला जाईल.

२०१७ साली जर्मन संशोधकांनी एसटीएम३२एफ० चिपची पहिली पायरी भेदून दाखवली. म्हणून संकेत उलगडण्याची किल्ली प्रत्येक यंत्राला निराळी द्यावी. खर्च थोडा वाढेल, तो सोसावा.