ढ, डन्स आणि विशालकोन



संयोजक म्हणाले होते, कॉम्प्युटरवर काहीतरी बोल. ते तर मी रोज नऊ तास करते! आज मला बोलायचंय ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाचवीपासून झेललेल्या एका शब्दाबद्दल. 'ढ'. आणि त्याच्या इंग्रजी भावंडांबद्दल.

ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणारा मुलगा ढ, असं सांगतात. इंग्रजीतला ढ म्हणजे 'डन्स', आणि त्याची कथा तर आणखी गमतीची. जॉन डन्स स्कॉटस हा १३०८ साली वारलेला स्कॉटिश तत्त्वज्ञ. बुद्धी एवढी तल्लख, की त्याला 'सूक्ष्म आचार्य' अशी पदवी मिळालेली. पुढे सोळाव्या शतकात नव्या विद्येची मंडळी त्याच्या जुन्या वळणाच्या अनुयायांना 'डन्स' म्हणून हिणवू लागली. एका अतिहुशार माणसाचं नाव असं मठ्ठपणाला चिकटलं ते कायमचंच.

मला सर्वांत आवडतो तो 'ऑब्ट्यूस'. माणसाला लावला तर मठ्ठ, कोनाला लावला तर नव्वद अंशांहून मोठा. लॅटिनमधला मूळ अर्थ, ठोकून बोथट केलेला. म्हणजे हा जन्मतःच बोथट होता असं तो शब्द म्हणत नाही. कुणीतरी ठोकलंय, असं म्हणतो. (छड्या खाल्लेल्यांनी इकडे लक्ष द्यावं.) आणि त्याच कोनाला आपण भूमितीच्या तासाला काय म्हणायचो? विशालकोन! ज्यानं कुणी हा शब्द घडवला, त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

'स्टुपिड'चं मूळही लॅटिनच. अर्थ, सुन्न झालेला, धक्क्यानं थिजलेला. हा अर्थ मला कोश उघडण्याआधीच कळला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मराठी माध्यमातली आम्ही पोरं शेवटच्या बाकांवर अशीच थिजून बसायचो. गणित येत होतं. पण लंब, छेद, घात हे सगळे ओळखीचे लोक इंग्रजी कपडे घालून आले होते. एका प्राध्यापकांनी आमच्या रांगेकडे बघून 'डल लॉट' म्हटलं आणि फळ्याकडे वळले.

एवढ्यावर भागलं तर ठीक. १९१० साली हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मूर्ख या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'मोरॉन' तयार केला. तेव्हा ती शिवी नव्हती, शास्त्रीय वर्ग होता. मानसिक वय आठ ते बारा असेल तो मोरॉन. त्याखाली 'इम्बेसाइल', तळाला 'इडियट'. अशा वर्गवारीवर विसंबून व्हर्जिनियात कॅरी बक नावाच्या तरुणीला मतिमंद ठरवलं गेलं. तिची आई तशी, तिची मुलगीही तशीच, असं कोर्टापुढे मांडलं. मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती! १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॅरीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली. एका सत्रात तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं. आठव्या वर्षी ती आजारपणात वारली.

हल्ली मी नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. बरोबरचे लोक कधीकधी कागदावर 'स्लो' लिहून मोकळे होतात. समोरचा थिजलाय असं दिसलं आणि त्याचं गाव आपल्या बाजूचं असलं, तर मी तोच प्रश्न मराठीत विचारते. पुष्कळदा तो खुर्ची पुढे ओढतो, पेन मागतो आणि कागदावर आकृती काढायला लागतो.