अर्धा इंच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी गोल्फ खेळतो हे कविमित्रांना कळलं, तेव्हा एकाने विचारलं, "मुशायऱ्याचं मानधन एवढं वाढलं का?" तसं काही नाही. बँकेच्या नोकरीत एका छावणीच्या गावी बदली झाली. तिथे नऊ होलचं मैदान होतं आणि बडे ग्राहक सांभाळायला म्हणून शाखाधिकाऱ्यांनी मला तिकडे ओढलं. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. चेंडू काही केल्या उडेना, पण मी मात्र तिथे अडकलो तो अडकलोच.

पावसाळ्यात आमचं मैदान जवळजवळ बंद असतं. काळी जमीन; बूट रुततात, चेंडू पडल्या जागी चिखलात बसतो. दसऱ्याच्या सुमाराला नवा हंगाम सुरू होतो, आणि त्याआधी श्रावण-भादव्यात माझ्यासारख्या हौशी माणसाची तयारी चालते. मैदानावरच्या गवताला तिथले लोक बर्म्युडा म्हणतात. मला वाटलं, बोटीतून आलेलं काही असेल. एकदा खाली बसून पाहिलं, तर आपली हरळी! जात तीच. अब्बांनी जन्मभर शेतातून कुदळीने खणून काढली, आणि इथे तिला खत घालून, दाढी करावी तशी कापतात. शेजारच्या घरी गणपतीसाठी लहानपणी मी ज्या दूर्वा खुडून नेत असे, त्या हिच्याच.

पहिली काही वर्षं मी लांब फटक्याच्या मागे होतो. मग कधीतरी हिशेब मांडला. अठरा होलचा पार साधारण ७२ फटक्यांचा. त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले, म्हणजे ३६. अर्धा खेळ जमिनीवरून घरंगळणाऱ्या चेंडूचा! आणि होलचा व्यास जेमतेम सव्वाचार इंच. म्हणून यंदा सगळा पावसाळा घरात सतरंजी अंथरून, तीन फुटांवर पेला आडवा ठेवून, रोज पन्नास पट मारले. घामाने कडक झालेल्या काठ्यांच्या रबरी मुठी बदलल्या.

पण यंदा घोर लागला होता तो वेगळाच. गेल्या हंगामातली शेवटची स्पर्धा. सतराव्या होलवर माझा चेंडू कडुनिंबाखाली उंच गवतात होता. फटका मारायला काठी त्याच्यामागे टेकवली आणि चेंडू हलला. अर्धा इंच असेल. तुमच्यामुळे चेंडू हलला, तर एक फटका दंड आणि चेंडू पुन्हा मूळ जागी, असा नियम आहे. ग्रीनवर चुकून हलला तर २०१९पासून माफी आहे, गवतात नाही. पंच शेजारी उभा नसतो, ज्याने त्याने आपलं आपण सांगायचं. सोबतचे खेळाडू पलीकडे होते. मी आहे तिथून मारला, आणि एका फटक्याने चषक जिंकला.

माझी बॅग उचलणारे मामा दोन पावलांवर उभे होते. मामा माझ्याहून वयाने मोठे. कॅडीची कामं करत खेळ शिकलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, ती हकीकत ते घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगतात. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. बक्षीस समारंभात टाळ्याही वाजवल्या. मी त्यांच्या हातात नेहमीपेक्षा जास्त पैसे ठेवले. त्यांनी मोजले आणि वरचे परत केले. "नेहमीचेच द्या, साहेब."

हे परत आलेले पैसे मला चार महिने झोपू देईनात. भादव्यात सरावाला गेलो तेव्हा विचारलं,

"मामा, त्या दिवशी चेंडू हलला होता ना?"

"हलला होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ते टॉवेलने काठी पुसत राहिले. "लई वर्षांमागं एका साहेबांना असंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझा नंबरच लागंना. पोरं लहान होती."

मी स्वतःला त्या साहेबांहून वेगळा समजत होतो. मामांना तसं समजायला मी काय कारण दिलं होतं?

नियमपुस्तक काढून पाहिलं. ठाऊक असलेला दंड लपवून कमी फटक्यांचं कार्ड दिलं, तर स्पर्धा संपल्यावरही खेळाडू बाद होतो. त्याला मुदत नाही. तीन ओळींचं पत्र लिहिलं. कवितेला लागत नाहीत एवढे कागद फाडले. चषक कापडी पिशवीत घालून क्लबच्या कचेरीत नेऊन दिला. तिथल्या कारकुनाला वाटलं, नाव कोरायला आणलाय.

समितीची बैठक दसऱ्यानंतर आहे. पत्रात मामांचा उल्लेख नाही. ते त्यांनीच बजावलं होतं. रविवारी सकाळी साडेसहाला पहिल्या टीवर भेटायचं ठरलंय. नव्या मुठी मला जरा जाड वाटतात, त्या मामा हातात घेऊन बघणार आहेत.