तारीख लावलेला काठ

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘पाणकाठाची हुबेहूब प्रतिकृती कशी करावी’ असा छापला आहे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे तासभर खोट्या पाण्याबद्दल बोलणं जरा धाडसाचंच आहे. (हशा) हसलात, बरं झालं. पण माझं म्हणणं ऐकलंत तर काही जण रागावतीलही, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. नदी, तलाव किंवा समुद्र यांचा काठ छोट्या प्रमाणात उभा करताना आपण सगळी मेहनत पाण्यावर खर्च करतो, आणि प्रतिकृती नेमकी तिथेच फसते. खरेपणा काठावरच्या खुणांमध्ये असतो. त्या खुणा बरोबर यायच्या तर प्रतिकृती एका ठरावीक दिवसाची आणि पाण्याच्या एका ठरावीक पातळीची असावी लागते. ज्या प्रतिकृतीला तारीख नाही, ती शोभेची वस्तू आहे.

प्रमाण म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना सांगायची गरज नाही. दिवाळीत अंगणात किल्ला न केलेलं घर या सभागृहात विरळाच असेल. आज मी 1:72 हे एकच प्रमाण धरून चालतो. छंद म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांच्या ते ओळखीचं आहे. या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस 23 मिलिमीटरचा होतो. दगड, झाड, पायरी, होडी सगळं 72 पटींनी लहान करता येतं. पाणी तेवढं लहान होत नाही. पाण्याचा थेंब प्रतिकृतीतही थेंबाएवढाच राहतो. तीन मिलिमीटरचा खरा थेंब 1:72च्या घाटावर पडला, तर त्या घाटावरच्या माणसाच्या दृष्टीने तो 21-22 सेंटिमीटरचा, म्हणजे कलिंगडाएवढा. म्हणूनच चित्रपटात छोट्या नमुन्यावर घेतलेला पूर लगेच ओळखू येतो. लाटा, फेस, शिंतोडे सगळे आपल्या मूळ मापाला चिकटून राहतात.

कोणी म्हणेल, अभियंते तर खरं पाणी वापरूनच नमुने चालवतात. अगदी बरोबर. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. या संस्थेची सुरुवात 1916 सालची. धरणं, सांडवे, बंदरं यांचे नमुने बांधून त्यांत पाणी खेळवायचं, हे तिथलं कामच आहे. पण त्या नमुन्यांनी एक किंमत आधीच मोजलेली असते. नमुना 1:100चा असेल तर वेग आणि काळ दोन्ही शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहा पटींनी कमी होतात. साडेबारा तासांची भरती-ओहोटी सव्वा तासात उरकते. समजा, बंदर मोठं आहे म्हणून आडवं प्रमाण 1:400 आणि उभं 1:100 ठेवलं, तर तीच भरती-ओहोटी एकोणीस मिनिटांच्या आत संपते आणि काठाचे उतार चार पट चढे दिसतात. प्रवाह कळावा म्हणून तिथे दिसण्याचा बळी जाणूनबुजून दिलेला असतो. आपल्याला हवं आहे ते दिसणं. अभियंत्याचं पाणी उचलून आपल्या फळीवर आणण्यात काही अर्थ नाही.

मग छंदी मंडळी रेझिनकडे वळतात. पारदर्शक रेझिनमध्ये हार्डनर मिसळायचा आणि तीन-चार मिलिमीटरचे पातळ थर एकावर एक ओतायचे. एकदम जाड थर ओतला तर आतल्या उष्णतेने तो पिवळा पडतो, तडकतो. वर चकचकीत वॉर्निश, लाटांसाठी सिलिकॉन. प्रदर्शनात बक्षीस यालाच मिळतं. पण जरा हिशेब करा. उन्हाळ्यात आपल्या खाम नदीच्या पाण्यात चार बोटांखालचं काही दिसत नाही. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर धरा. 1:72मध्ये ते एक मिलिमीटरच्या आत येतं. दोन इंच खोल स्वच्छ रेझिन ओतणारा माणूस तिथे डोंगरातला झरा दाखवत असतो. अशा नदीला प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा गुळगुळीत तळ, त्यावर शेवाळी-तपकिरी रंगाचे दोन-तीन हात आणि शेवटी वॉर्निशचा पातळ थर पुरतो. निळा रंग तर डबीतून बाहेरच काढू नका. अशा पाण्यावर दिसणारा निळेपणा आभाळाचा असतो, आणि आभाळ सभागृहाच्या छताला नसतं.

माझा मुद्दा सिद्ध करायला आपल्या शहरातल्या पाणचक्कीसारखी जागा शोधून सापडणार नाही. 1610 साली खडकी या नावाने हे शहर वसवणारा मलिक अंबर, त्याची नहर-ए-अंबरी, पाणचक्कीजवळचा बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा हे सगळं आपल्याला पाठ आहे, म्हणून त्यावरून पुढे जातो. पाहायचं आहे ते वेगळंच. तिथे एका बाजूला हौद आहे आणि दुसऱ्या बाजूला, आवाराच्या पलीकडे, खाली खाम वाहते. एकाच चौकटीत दोन पाणी आणि मध्ये काळ्या दगडाचं बांधकाम. हौदातलं पाणी बांधीव, त्याची पातळी ठरलेली, मासे वरून दिसतात. तिथे रेझिन शोभून दिसेल, मी आडवा येणार नाही. खामचं पाणी सुटं, चढणारं-उतरणारं. तिथे रंग आणि वॉर्निश. दोन्हीकडे एकच रेझिन ओतलं की त्या जागेचा अर्थच पुसला जातो. आता काठाकडे या. पाण्यालगत ओली पट्टी, गडद आणि किंचित चकचकीत. तिच्यावर शेवाळाची काळपट-हिरवी रेघ. त्याच्या वर दगडावर फुटलेले क्षारांचे पांढरट ओघळ. झुडपात अडकलेली चिंधी गेल्या पुराची उंची सांगते. या चारही गोष्टी 23 मिलिमीटरच्या माणसाशेजारी योग्य उंचीवर आल्या, की पाणी न ओतताही नदी दिसते.

पातळीवरून आठवलं, जंजिरा खरं तर आजच्या आखणीत नाही, पण दिवाळीच्या किल्ल्यांमुळे मराठी घरातला ओळखीचा पाणकाठ तोच. जंजिरा नाहीतर सिंधुदुर्ग: निळी रांगोळी, मध्ये तटबंदी, कागदी होड्या. आता पाहा, लक्ष्मीपूजन अमावास्येला. अमावास्या म्हणजे उधाणाची भरती. कोकणच्या किनाऱ्यावर त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि सहा तासांनी पाणी उतरतं. म्हणजे संध्याकाळी आपण किल्ल्यावर पणत्या लावतो, तेव्हा खऱ्या जंजिऱ्याभोवती ओहोटी असते! उधाणाचा चढउतार चार मीटरच्या आसपास धरला तर 1:72मध्ये तो 55 मिलिमीटर होतो. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वर जागा उरेल एवढा ओला, काळपट पट्टा तटाच्या पायथ्याशी हवा. त्यात कालवं खडकाला चिकटलेली, आणि होडी दाराच्या पायरीपेक्षा खाली. मुलांना हे सांगून पाहा. निळी रांगोळी ती आपणहून पुसतील. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं आहे.

समुद्र लांबचा वाटत असेल तर नाथसागर घ्या. पैठणच्या त्या जलाशयाची पूर्ण पातळी 1522 फूट, हा आकडा इथल्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ आहे. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते, म्हणजे जिथे होडी होती तिथे पीक उभं राहतं. समजा, काठाचा उतार शंभरास एक आहे. पातळी एक फूट उतरली की काठ शंभर फूट मागे सरकतो. 1:72च्या फळीवर जवळजवळ 17 इंच. एका फुटाच्या फरकाने तीन फुटी फळीच्या जवळजवळ अर्ध्या भागात पाण्याची जमीन होते. मग ‘नाथसागराचा काठ’ असं नुसतं लिहिलेली प्रतिकृती नेमकी कशाची? गौरी-गणपतीची की अक्षय्य तृतीयेची? हे ठरवल्याशिवाय पहिला खिळाही ठोकता येत नाही.

चिठ्ठी आली आहे: दहा मिनिटं. अपेक्षित आक्षेप तीन आहेत, ते भराभर घेतो. पहिला, लोकांना चकाकी आवडते. आवडू द्या, पण ज्याने तो काठ रोज पाहिला आहे, तो माणूस प्रतिकृतीपुढे थांबतो तो ओळखीची खूण सापडली म्हणून. दुसरा जरा टोचणारा: नाला, जलपर्णी, प्लॅस्टिक दाखवून शहराची बदनामी कशाला? श्रोतेहो, अलीकडच्या वर्षांत महापालिकेने आणि नागरिकांनी मिळून खामच्या काही पट्ट्यांची साफसफाई केली. ती किती झाली हे दाखवायचं असेल तर आधीची खाम कुठेतरी जपलेली हवी ना? तारीख असलेली प्रतिकृती निंदा करत नाही, नोंद ठेवते. आणि मला गावचा शत्रू समजू नका, मीही तेच पाणी पितो. येतं तेव्हा. (हशा)

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: वारसा दाखवायचा तर मलिक अंबरच्या काळातला दाखवा, आजचा कशाला? इच्छा चांगली आहे, पण त्या काळी अमुक दिवशी खामला किती पाणी होतं, हे आपण कशावरून ठरवणार? ती पातळी कल्पनेचीच असणार. ज्याचा पुरावा आजही उभा आहे, ते पाणचक्कीचं जुनं काम मात्र खुशाल दाखवा. फळीची एक कड कापून उघडी ठेवा. उंचावरून जमिनीखालून येणारा मातीचा नळ, पुण्याच्या कात्रजच्या नळावर असतात तसे हवा सुटण्यासाठीचे उच्छ्वास, कुठल्याही पंपाविना स्वतःच्या दाबाने भिंतीत वर चढणारं पाणी, ते पडून फिरणारी चक्की, आणि हौदाच्या तळाखालचं दालन, ज्याचं छत म्हणजेच हौदाचा तळ. यासाठी प्रतिकृतीच कशाला, असं म्हणाल, तर ड्रोन हे दाखवू शकत नाही, कारण तो वरून पाहतो आणि पाणचक्कीची करामत जमिनीखाली आहे. संगणकावरचं चित्र ते दाखवू शकतं, हे मान्य. पण ते एका वेळी एकाच्या हातात असतं. फळीभोवती वर्गातली चाळीस मुलं उभी राहतात आणि वाद घालतात. (दिवे गेले, मिनिटभराने आले.) चला, महावितरणनेही चिठ्ठी पाठवली.

रंग कोणते, वाळू किती बारीक चाळायची, झाडं कशाची करायची, हे सगळं राहून गेलं. ते पुस्तकांत मिळेल. जे पुस्तकात मिळणार नाही ते काम सांगून थांबतो. या शहरातल्या शाळांनी आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयांनी मिळून महमूद दरवाजा ते पाणचक्की एवढाच पट्टा निवडावा. त्याची एक प्रतिकृती मे महिन्यातली आणि एक पावसाळ्यातली करावी. काम सुरू करण्यापूर्वी काठावर टेप धरून पाण्याची रेघ मोजावी, आणि पाटीवर प्रमाण, पाण्याची पातळी आणि तारीख लिहावी. पुढच्या पिढीने त्याच जागी उभं राहून तिसरी करावी. एवढं झालं तर खामचं काय झालं, या प्रश्नावर व्याख्यान ठेवावं लागणार नाही; पाट्या वाचल्या तरी पुरे.