‘लॉ ऑफ द जंगल’: एक फिर्याद



‘लॉ ऑफ द जंगल’ या इंग्रजी वाक्प्रचाराने, आणि त्याच्याच जोरावर आपल्या वर्तमानपत्रांत रुळलेल्या ‘जंगलराज’ या शब्दाने, बेबंदशाहीचा जो बदलौकिक अरण्याच्या माथी मारला आहे, त्याविरुद्धची फिर्याद मी आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या श्रोत्यांपुढे दाखल करीत आहे; कारण यातील पक्षकार आपणच आहोत.  1894 आणि 1895 साली निघालेल्या इंग्रज लेखक किपलिंगच्या दोन ‘जंगल बुकां’नी ‘लॉ ऑफ द जंगल’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ केला, परंतु तेथे त्याचा अर्थ आजच्या नेमका उलट आहे. दुसऱ्या पुस्तकातील अवर्षणाची कथा आठवा. नदी आटते, पात्रातील खडक उघडा पडतो, वृद्ध हत्ती सोंड उंचावून पाण्याचा तह पुकारतो, आणि त्या क्षणापासून पाणवठ्यावर शिकार करणाऱ्यास देहान्त शासन! ती नदी कोणती? वैनगंगा! (टाळ्या.) सिवनीकडे उगम पावून, आपल्या दोन जिल्ह्यांची सीमा आखीत, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होणारी आपलीच वैनगंगा. पुढे मात्र या शब्दप्रयोगाचा ‘बळी तो कान पिळी’ एवढाच अर्थ लोकांनी उरू दिला.

आता कथा बाजूला ठेवून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे चला. तेथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्यास वाहतूक परवाना मिळेना. कारण वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणते, त्या बांबूला 1927 च्या वनकायद्याने वृक्षांत बसविले होते! (हशा.) हसू नका, या एका व्याख्येपायी गोंड कुटुंबांचा हक्क कागदावर अडून पडला होता. 27 एप्रिल 2011 रोजी परवान्याची पुस्तके ग्रामसभेच्या हाती आली. मेंढ्याविषयी इतके बोलण्याचे योजिले नव्हते, पण त्यावाचून माझा पक्ष उभाच राहत नाही.

मागून एक गृहस्थ विचारीत आहेत, ‘मोहफुले वेचणाऱ्या बाईवर वाघ झडप घालतो, तो कोणता कायदा?’ सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडील घरांचे ते दुःख मी तिळमात्र लहान करीत नाही. परंतु त्या वाघाचा दाखला देऊन, वनात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या माणसांना कायदाच नाही असे म्हणता येणार नाही. माडिया आदिवासी पंडुमाचा विधी झाल्यावाचून नवे फळ तोंडात घालीत नाहीत. हा निर्बंध कोणत्या शिपायाने बजावला?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. शिकारीच्या नियमांचा भाग सोडून देतो. सभागृहात संपादक मंडळी बसली आहेत, त्यांना एवढीच विनंती, की शहरातील गुंडगिरीची बातमी छापताना मथळ्यात ‘जंगलराज’ घालू नका, ‘बेबंदशाही’ लिहा.