पदयात्रा, वर्गणी आणि हिशेब



अभ्यासिकेसाठी पदयात्रा काढून निधी जमवू, असे आपले तरुण म्हणतात. आम्हाला आनंदच आहे. पण आधी भूदान आठवू या. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. पुढे विनोबा वर्षानुवर्षे पायी हिंडले, लाखो एकरांची दानपत्रे झाली. पण बरीच जमीन नापीक नाहीतर वादातली निघाली. आकडा मोठा, भूमिहीनांच्या पदरात थोडे!

म्हणून आपण ठरवू या : वाटेतला चहा-नाश्ता, गाडीभाडे ज्याचे त्याने करावे. वर्गणीतला पैसा न् पैसा अभ्यासिकेलाच जावा. हिशेब विहाराच्या फळ्यावर लागावा. किती मैल चाललो, हे सांगण्याआधी किती रुपये पोचले ते सांगू.

नमो बुद्धाय! जयभीम!