हळदीचा हंगाम आणि परीक्षा

जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. श्रोतेहो, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत परिसरात तेव्हा काढणी, शिजवणी, वाळवणीला माणसं कमी पडतात आणि कॉलेजच्या मुलांपुढे रोजगार नि उन्हाळी परीक्षा एकदमच उभ्या राहतात.

यावर जुना उपाय आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तिथली मुलं श्रम करून शिकली. तीच ‘कमवा आणि शिका’ योजना आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांत चालते. ग्रंथालय, कार्यालय, बागेत तासांवर काम, तासांप्रमाणे मानधन.

हिंगोलीची महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. गरजू विद्यार्थ्यांनी प्रवेशावेळीच या योजनेची चौकशी महाविद्यालयात करावी.